संगणकाची दिरंगाई आणि तिचा तपास

जुलै महिन्याचा अखेरचा आठवडा, खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आलेली, सातबाराचा उतारा, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक हाती घेतलेल्या शेतकऱ्यांची मराठवाड्यातील लोहाऱ्याच्या सेवाकेंद्रांपुढे दाटी झालेली, आणि नेमक्या त्याच वेळी, कालपर्यंत बिनतक्रार चाललेल्या संगणकाने एकाएकी अशी संथ चाल धरावी की एक अर्ज उघडावयास पाव तास लागावा, हा प्रसंग या तालुक्यात कोणास अपरिचित नाही. केंद्रचालक म्हणतो, ‘हँग झालंय’. रांगेतले आजोबा म्हणतात, ‘सर्व्हर डाऊन असंल’. आणि जाणकार म्हणून ज्याला बोलावणे जाते तो तरुण कॅबिनेटचे झाकण उघडण्यापूर्वीच ‘फॉरमॅट मारावं लागंल’ असा फैसला देऊन मोकळा होतो. या तिघांपैकी एखाद्याचे म्हणणे खरेही ठरेल. परंतु तिघांनीही तपासाआधी निकाल दिलेला असतो, आणि त्यांतला तिसरा निकाल तर अंमलात आणताच पुरावाही नष्ट करतो. फॉरमॅट केलेला संगणक महिना-दोन महिने चपळ भासतो, आणि तेवढ्या भांडवलावर या उपायाने आपल्याकडे जी प्रतिष्ठा मिळविली आहे तिला तो मुळीच पात्र नाही.

संगणक मंदावतो याचा अर्थ तो आळसावतो असा नव्हे. त्याचा कोणता तरी एक भाग दुसऱ्या भागाची वाट पाहत असतो. कोण कोणाची वाट पाहत आहे एवढे एकच शोधून काढावयाचे आहे, आणि ते शोधण्याकरिता अभियांत्रिकीच्या पदवीची आवश्यकता नाही.

पहिली रुजुवात अशी की विलंब खुद्द यंत्रात आहे की यंत्राबाहेर. ब्राउझर बंद करून नोटपॅड उघडावे, दोन ओळी टंकाव्यात, संगणकातच साठविलेले एखादे छायाचित्र उघडून पाहावे. ही कामे तत्काळ होत असतील तर यंत्र बहुधा निर्दोष असून कसूर इंटरनेटच्या जोडणीची अथवा पलीकडच्या सर्व्हरची आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत राज्यभरातून एकाच संकेतस्थळावर अर्जांचा लोंढा लोटतो तेव्हा लोहाऱ्यातील संगणकाची कितीही सरबराई केली तरी उपयोग होत नाही. तेच संकेतस्थळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उघडून पाहिले म्हणजे दोष स्थानिक जोडणीचा की सर्व्हरचा, हेही स्पष्ट होते. उलट नोटपॅडमध्ये टंकलेले अक्षरही पडद्यावर उमटावयास विलंब लागत असेल, तर मात्र तपास आत वळवावा.

आत वळण्यापूर्वी यंत्र एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाऊन’ करून पुन्हा चालू करणे आणि ‘रीस्टार्ट’ करणे या दोन गोष्टी एकच आहेत अशी समजूत सार्वत्रिक असली तरी ती चुकीची आहे. विंडोज ८ पासून पुढे ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली, तिच्यामुळे शट डाऊन करताना कार्यप्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून घेतला जातो. सबब त्यात साचलेला बिघाड रोज संध्याकाळी यंत्र बंद करूनही आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. रीस्टार्टने तो गाभा नव्याने उभा राहतो.

आता यंत्राच्या अंतरंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. तहसील कचेरीत एखादा फेरफार रखडतो तेव्हा कचेरीतील सर्वच माणसे कामचुकार असतात असे नाही. कागद कोठे तरी एका मेजावर थबकलेला असतो, आणि त्याच्या पुढचे सर्व कारकून, अव्वल कारकून आणि खुद्द साहेबही त्या कागदाच्या प्रतीक्षेत रिकाम्या हातांनी बसलेले असतात. संगणकाचा प्रोसेसर हा असाच अत्यंत तडफदार साहेब होय. ३ गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके मोजतो. त्याच्या मेजावरचा कागद म्हणजे रॅममधील माहिती. ती त्याला सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात मिळते. परंतु जी माहिती रॅममध्ये नाही ती दप्तरखान्यातून, म्हणजे हार्ड डिस्कवरून आणवावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी, आणि तिच्यावर योग्य जागी सरकणारे वाचनशीर्ष, यांना एक नोंद शोधावयास सरासरीने सेकंदाचा ऐंशीवा भाग लागतो. माणसाच्या हिशेबी हा क्षण नगण्य आहे. परंतु तेवढ्या अवधीत प्रोसेसरचे साडेतीन कोटींहून अधिक ठोके वाया जातात. १९५६ साली आयबीएम कंपनीने जगातील पहिली चकतीसाठवण बाजारात आणली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एक नोंद मिळावयास सरासरी सहा दशांश सेकंद लागत. म्हणजे सुमारे सत्तर वर्षांत फिरत्या तबकडीचा वेग जेमतेम पन्नासपट सुधारला, तर प्रोसेसरचा वेग लाखोंच्या पटीत वाढला. घराघरांतील संगणकांच्या बहुतेक दिरंगाईचे मूळ या विषम प्रगतीत आहे.

कागद कोणत्या मेजावर थबकला आहे हे दाखविणारी खिडकी विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने असून रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले की सर्वांत अधिक भार टाकणारा प्रोग्रॅम वर येतो. ज्या रकान्याचा आकडा शंभराला जाऊन भिडला आहे तेथे पहिला संशय घ्यावा. एखादा प्रोग्रॅम सापडताच तो तडकाफडकी बंद करण्याची घाई मात्र करू नये. आधी त्याचे नाव लिहून घ्यावे. हा नियम क्षुल्लक भासेल, परंतु दुरुस्तीच्या व्यवसायातील पुष्कळसा गोंधळ नाव न लिहून घेण्यातून उद्भवतो.

डिस्कचा रकाना शंभरावर आणि बाकीचे सर्व शांत, हे दृश्य जुन्या संगणकांवर सर्वाधिक आढळते, यास्तव त्यावर थोडे रेंगाळले पाहिजे. विखुरलेल्या लहान लहान नोंदी मागितल्या असता धडधाकट फिरती डिस्कसुद्धा सेकंदाला ऐंशीएक मागण्याच पुऱ्या करू शकते. त्यामुळे विंडोजचा अद्ययावतीकरणाचा कार्यक्रम, अँटिव्हायरसची झडती आणि शोधसूची तयार करणारी सेवा या तिघांनी एकाच वेळी तगादा लावला तर ती शंभर टक्क्यांवर जाणारच. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जून महिन्यात शाळेतील संगणककक्ष उघडला जातो तेव्हा हेच घडते. दीड-दोन महिन्यांचे साचलेले अद्ययावतीकरण प्रत्येक यंत्र एकदमच ओढू लागते, आणि सुट्टीत यंत्रे खराब झाली असा शिक्षकांचा ग्रह होतो. येथे उपाय एकच: संगणक चालू ठेवून, इंटरनेट जोडून, एक दिवस त्यास आपले काम करू द्यावे.

परंतु काही तास उलटूनही रकाना खाली येत नसेल, तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या पानावर डिस्कचा सरासरी प्रतिसादकाळ पाहावा. भाराखालच्या निरोगी डिस्कचा हा आकडा साधारणपणे दोन आकडी मिलिसेकंदांत राहतो. तो वारंवार हजारांत जात असेल, आणि त्या वेळी प्रत्यक्ष वाचन जवळजवळ शून्य असेल, तर तबकडीचा काही भाग निकामी होऊ लागला आहे असा संशय घ्यावा. डिस्क खराब जागा एकदा वाचून सोडून देत नाही. ती पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते, आणि तेवढा वेळ सारा संगणक मुकाट्याने खोळंबतो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डिस्क’ या नावाखाली क्रमांक ७ किंवा १५३ च्या नोंदी दिसल्या तर संशय बळावतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक रोजनिशी ठेवीत असते, ती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने वाचता येते. तीत पाचव्या क्रमांकापुढे निकामी म्हणून बदलून टाकलेल्या जागांची, आणि १९७व्या क्रमांकापुढे संशयित जागांची गणना असते. १९९व्या क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर मात्र अपराधी बहुधा डिस्क नसून तिला जोडणारी तार असते. ती काढून पुन्हा घट्ट बसविली, किंवा नवी घातली, की काही वेळा हजारोंचा खर्च शेदोनशे रुपयांत मिटतो.

ही रोजनिशी निर्दोष दिसली म्हणून बेलाशक निर्धास्त होऊ नये. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी या प्रमुख नोंदींत कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती. त्याच अभ्यासात असेही दिसले की वाचनाची पहिली चूक नोंदविली गेल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या तुलनेत एकोणचाळीस पटींनी वाढतो. म्हणजे ‘दोष नाही’ ही डिस्कची साक्ष कच्ची, आणि ‘दोष आहे’ ही साक्ष पक्की. ज्या क्षणी ती पक्की साक्ष मिळेल त्या क्षणी दुरुस्ती थांबवून मुद्देमाल, म्हणजे आपली कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या फाइली, दुसऱ्या डिस्कवर रवाना कराव्यात. अशा अवस्थेत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे मरणासन्न तबकडीकडून संपूर्ण कार्यप्रणाली नव्याने लिहवून घेणे होय, आणि त्याचा परिणाम काय होतो ते वेगळे सांगावयास नको.

मेमरीचा रकाना नव्वदीपलीकडे गेला असेल तर विलंबाची जात निराळी. १९६२ साली मँचेस्टर येथे कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकात प्रथम अशी योजना झाली की मुख्य स्मृती अपुरी पडली तर दुय्यम साठवणीचाच काही भाग स्मृती म्हणून वापरावा, आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागू नये. युक्ती अप्रतिम होती. परंतु तिच्या अतिरेकात यंत्र खरे काम सोडून केवळ कागद ने-आण करीत राहते, याची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ साली केली. आज ४ जीबी रॅमच्या संगणकावर निम्म्याच्या आसपास जागा विंडोजच घेते, आणि उरलेल्या जागेत महाभूलेख, आपले सरकार, पीएम-किसान आणि बँक अशी डझनभर पाने एकाच वेळी उघडी ठेवली की डेनिंग यांनी वर्णिलेली अवस्था ओढवते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मुख्य स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती, आणि त्यावर गंभीर वैज्ञानिक गणिते सोडविली गेली. आज जाहिरातींनी भरलेले एक पान त्याच्या सहस्रावधी पट स्मृती गिळते, हा आमच्या प्रोग्रॅमकारांचा उधळेपणा म्हणावा लागेल.

मात्र मंदपणा खरोखरच एकाएकी आला असेल तर रॅमची एकूण बेरीज अवश्य पाहावी. काल ८ जीबी दाखविणारे यंत्र आज ४ जीबी दाखवीत असेल तर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकीचा संपर्क तुटला आहे, असा बहुधा त्याचा अर्थ. धूळ आणि दमटपणा यांमुळे पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ बसतो. वीज पूर्णपणे काढून, पट्टी बाहेर घेऊन, तिची कड शाळकरी खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा टक असा आवाज येईतो बसविणे हा आपल्याकडील कारागिरांचा जुना शिरस्ता आहे, आणि तो पुष्कळदा यशस्वी होतो.

आता लोहाऱ्याच्या हवामानाशी ज्याचा थेट संबंध आहे त्या कारणाकडे येऊ. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, पत्र्याच्या छपराखालील गाळ्यात तो आणखी चढतो, आणि काळ्या मातीची सूक्ष्म धूळ, तसेच मळणीच्या दिवसांत तुरीचा व सोयाबीनचा भुसा, पंख्यावाटे कॅबिनेटमध्ये शिरत राहतो. प्रोसेसर स्वतःला जळू देत नाही; २००० साली आलेल्या पेंटियम ४ पासून अशी तजवीज आहे की ठराविक मर्यादेपलीकडे, पुष्कळ प्रोसेसरांत सुमारे १०० अंश सेल्सिअसला, तो आपली गती आपणच कमी करतो. खोलीची हवा वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तितक्याच अंशांनी तापतो. त्यामुळे जानेवारीत सुरळीत चाललेले, पण आतून धुळीने बुजलेले यंत्र मे महिन्यात दुपारी दोन वाजता गोगलगाय होते आणि सकाळी आठला पुन्हा ठीक चालते. असा तापमानाबरोबर बदलणारा मंदपणा हा उष्णतेचा प्रबळ पुरावा होय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरची चालू गती त्याच्या मूळ गतीहून पुष्कळ खाली, आणि भार मात्र भरपूर, असे दिसले की शंका उरत नाही. वीज काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, ब्लोअरने धूळ उडवावी. ओल्या फडक्याचा प्रयोग करू नये. चार-पाच वर्षांच्या यंत्रात प्रोसेसर आणि धातूचा थंडावक (हीटसिंक) यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली असते. ती पुसून नवी लावावयास दुरुस्तीवाला अर्धा तासही घेत नाही. पंखा मुळी फिरतच नसेल, तर तो बदलल्यावाचून यंत्र चालू ठेवू नये.

सीपीयूचा रकाना रिकाम्या वेळीही शंभराकडे झुकलेला असेल तर घुसखोराचा संशय घ्यावा. संगणकविषाणूंचा आणि मंदपणाचा संबंध प्रारंभापासूनचा आहे: पीसीवरील पहिला विषाणू मानला जाणारा ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्याने बाधित झालेल्या फ्लॉपीचे काम मंदावत असे. त्यानंतर दशकभरातच पुण्यात कैलास आणि संजय काटकर या दोन मराठी भावांनी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या बाधित संगणकांवरील इलाज म्हणून जो प्रोग्रॅम लिहिला तो पुढे ‘क्विक हील’ या नावाने देशभर पसरला. कॅलक्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलासरावांनी थोरल्या भावाच्या नात्याने धंदा उभा केला आणि धाकट्याने संगणकशास्त्र शिकून प्रोग्रॅम लिहिला, ही हकिकत दुरुस्तीच्या धंद्याला कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. झेरॉक्सच्या दुकानांत गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवाटे शिरणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ आजही सर्वांच्या परिचयाचा आहे. अलीकडे दुसऱ्याच्या संगणकावर चोरून आभासी चलनाची गणिते सोडविणारे प्रोग्रॅम आढळतात. त्यांतील काही इतके धूर्त असतात की टास्क मॅनेजर उघडताच थांबतात आणि तो मिटताच पुन्हा सुरू होतात. टास्क मॅनेजर उघडला की यंत्र चपळ आणि पंखा शांत, मिटला की पुन्हा घरघर, असे होत असेल तर अँटिव्हायरसची सखोल तपासणी करावी. मात्र अँटिव्हायरस एकच असावा. दोन बसविले तर एकाने तपासलेली प्रत्येक फाइल दुसरा पुन्हा तपासतो, आणि पहारेकऱ्यांच्या या परस्परसंशयात मालकाचेच काम बंद पडते.

काही किरकोळ कारणे उरली. सी ड्राइव्हवर जागा उरली नसेल तर विंडोजचा श्वास कोंडतो, आणि फिरती तबकडी नसलेली एसएसडीदेखील पूर्ण भरली की लेखनात मंदावते. सेवाकेंद्रांत ही जागा मुख्यतः ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहिलेल्या परक्या लोकांच्या आधारपत्रांनी आणि स्कॅन केलेल्या दाखल्यांनी अडविलेली असते, त्या प्रती काम होताच काढून टाकणे हे गतीसाठी हितावह आहेच, परंतु ज्यांची ती कागदपत्रे आहेत त्यांच्या सुरक्षिततेसाठी अधिक हितावह आहे. अचानक वीज गेल्याने फाइलींची मांडणी बिघडते, त्यासाठी ‘चेकडिस्क’ चालवावे आणि यूपीएसची बॅटरी तपासावी. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज जाताच तारीख मागे सरकते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. हा मंदपणा नव्हे, पण तक्रार मात्र मंदपणाचीच येते.

इतके करूनही फिरत्या डिस्कचा जुना संगणक आजच्या कामास अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. अशा यंत्रात एसएसडी बसविणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी उपाय होय, कारण नोंद मिळण्याचा तिचा काळ सेकंदाच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतका, म्हणजे तबकडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. नवा प्रोसेसर घेण्याचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याला आधी एवढेच विचारावे की जुना प्रोसेसर कोणत्या रकान्यात शंभरावर गेला होता. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुन्या यंत्रांबाबत ते ठेवावे की बदलावे हा प्रश्न टळणारा नाही. ज्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही त्यावर पैसे घालण्यापूर्वी हा हिशेबही करावा.

आणि दुरुस्तीसाठी यंत्र कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून सोबत द्याव्यात: मंदपणा कोणत्या दिवसापासून आहे, त्या दिवशी यंत्रात नवे काय बसविले गेले, आणि टास्क मॅनेजरचा कोणता रकाना भरलेला दिसला. आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे घेतली गेल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणासही फॉरमॅटची परवानगी देऊ नये.